फाइल समोर दिसते, तरी 'नो सच फाइल' का?

वाचकहो, गेल्या काही महिन्यांत या पानासाठी आलेल्या मेसेजमध्ये एकच दुखणं वेगवेगळ्या तोंडानं आलंय. कॉम्प्युटर नवा घेतला, त्यावर चांगलं ६४ बिटचं लिनक्स घातलं, आणि दहापंधरा वर्षं बिनतक्रार चाललेलं एखादं ३२ बिटचं सॉफ्टवेअर एका दिवसात मुकं झालं (बिट म्हणजे प्रोसेसर एका दमात केवढा आकडा हाताळतो त्याचं माप). म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच दिलीय. कमांडी इथं देवनागरीत छापल्यात, टाइप करताना इंग्रजी अक्षरंच वापरा.

*प्रश्न: दादा, आमचं उद्यमबागेत छोटं मशिन शॉप आहे. जुन्या सीएनसी लेथला प्रोग्राम पाठवायला मशिनवाल्यानं तेव्हा एक लिनक्सचं सॉफ्टवेअर दिलेलं, सिरियल केबलवरून जातंय. जुना कॉम्प्युटर पावसाळ्यात गेला, हार्डडिस्क शाबूत होती म्हणून फोल्डर जसाच्या तसा नव्या कॉम्प्युटरवर घेतला, उबंटू घातलाय. आता चालवायला गेलं की 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' म्हणतंय. एलएस केलं तर फाइल समोर दिसतीय की! परमिशन पण दिली. पोरगा म्हणतोय व्हायरस असेल. मशिनवाला आता धंद्यात नाही. लेथ उभी आहे, जॉब अडकलेत.*
— एक वाचक, उद्यमबाग, बेळगाव

व्हायरस नाही, आणि तुमची फाइलही ठीक आहे. हा एरर अतिशय फसवा आहे आणि मी बघितलेल्या बहुतेकांचा पहिला दिवस यातच जातो, कारण तो तुमच्या फाइलबद्दल बोलतच नाही. 'सापडली नाही' असं जे म्हणतोय ते दुसऱ्याच एका फाइलबद्दल, जिचं नाव तो सांगत नाही.

तुम्हाला मी 'फाइल' ही कमांड चालवून फोटो पाठवायला सांगितलं होतं, आठवतंय ना, त्या फोटोतच सगळं उत्तर आहे. त्यात लिहिलंय ईएलएफ (लिनक्सच्या प्रोग्राम फाइलचा साचा) ३२ बिट, इंटेल ८०३८६, आणि पुढं इंटरप्रिटर म्हणून /लिब/एलडी-लिनक्स.एसओ.२. हा इंटरप्रिटर म्हणजे लोडर. तुम्ही प्रोग्राम चालू केला की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आधी या लोडरला उठवतो आणि मग लोडर लागणाऱ्या लायब्ऱ्या (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात तो तयार कोड) गोळा करून प्रोग्रामच्या हातात देतो. ६४ बिटच्या प्रोग्रामचा लोडर वेगळा असतो, तो /लिब६४ मध्ये बसतो, आणि तुमच्या नव्या उबंटूवर तेवढा एकच आहे. ३२ बिटचा लोडर मशिनवर नाहीच, म्हणून कर्नल म्हणतो फाइल सापडली नाही. नव्या बॅशमध्ये (टर्मिनलमध्ये आपल्या कमांडी वाचतो तो प्रोग्राम) हा मेसेज जरा सुधारलाय, तिथं 'रिक्वायर्ड फाइल नॉट फाउंड' असं येतं, पण नाव तोही सांगत नाही.

ह्याच्याऐवजी 'एक्झेक फॉरमॅट एरर' आला असता तर गोष्ट वेगळी होती, तेव्हा कर्नलच ३२ बिट चालवायला तयार नाही असं समजायचं, किंवा फाइल भलत्याच प्रोसेसरची आहे असं. तुमचा तो प्रश्न नाही, उबंटूच्या नेहमीच्या कर्नलमध्ये ती सोय असते.

आता करायचं काय. आधी 'सुडो डीपीकेजी --अ‍ॅड-आर्किटेक्चर आय३८६', मग 'सुडो एपीटी अपडेट', मग 'सुडो एपीटी इन्स्टॉल लिबसी६:आय३८६'. ते शेवटचं कोलन आणि आय३८६ विसरू नका, ते विसरलं की एपीटी म्हणतं हे पॅकेज आधीच आहे, आणि माणूस समजतो झालं काम. ह्याला मल्टिआर्क म्हणतात, डेबियनमध्ये (उबंटू ज्यावर उभा आहे ते लिनक्स) २०१३ च्या व्हीझी आवृत्तीपासून ही सोय पक्की झाली, त्याआधी आयए३२-लिब्ज नावाचं एक भलंमोठं गाठोडं घ्यावं लागायचं ज्यात हवं ते नेमकं नसायचं.

एवढं झालं की 'नो सच फाइल' जाईल आणि त्याच्या जागी दुसरा एरर येईल. घाबरू नका, एरर बदलला म्हणजे आपण पुढं सरकलो. आता तो लायब्ररीचं नाव घेऊन बोलेल. पण एकेक एरर बघत बसण्यापेक्षा प्रोग्रामलाच सरळ विचारा, 'रीडईएलएफ -डी' आणि पुढं प्रोग्रामचं नाव, त्यात नीडेड असं लिहिलेल्या ओळी बघा. तीच त्याची यादी. दुकानदाराला यादी दिल्यासारखी, ह्यात जे लिहिलंय तेवढंच आणायचं, जास्त नाही.

तुमच्या यादीत पाच नावं आहेत. त्यातली तीन तर लिबसी६ बरोबरच आली. चौथी लिबझेड.एसओ.१, म्हणजे माहिती दाबून लहान करणारी झेडलिब, ती 'झेडलिब१जी:आय३८६' या नावानं मिळेल. झेडलिबवाल्यांचं मला फार कौतुक वाटतं, इतकी वर्षं झाली तरी त्यांनी ते शेवटचं १ बदललं नाही, म्हणून आजची झेडलिब कालच्या प्रोग्रामला चालते, फक्त ३२ बिटची पाहिजे.

पाचवी जी आहे ती खरी अडचण. लिबस्टडीसी++.एसओ.५. ही सी++ ची लायब्ररी जीसीसी ३.३ पर्यंतची (जीसीसी हा लिनक्सचा नेहमीचा कंपायलर, म्हणजे सोर्स या मूळ कोडमधून प्रोग्राम बांधणारा). २००४ मध्ये जीसीसी ३.४ आला आणि तिथून आकडा ६ झाला, आजही ६ च आहे. म्हणजे तुमचा प्रोग्राम त्याआधीच्या कंपायलरनं बांधलाय, आणि ६ मध्ये ५ चं काम होत नाही, आतले सिम्बॉल, म्हणजे फंक्शनांची नावं, वेगळे आहेत. ही लायब्ररी सोर्समधून बांधायच्या नादी लागू नका असं मी कळकळीनं सांगतो. त्यासाठी अख्खा जीसीसी ३.३ आजच्या कंपायलरनं बांधावा लागतो, आणि तो जागोजागी अडतो. त्यापेक्षा डेबियननं जुन्या रिलीजची सगळी पॅकेजं आर्काइव्हमध्ये जपून ठेवलीत, तिथून लिबस्टडीसी++५ चं आय३८६ वालं पॅकेज उतरवा. पण ते इन्स्टॉल करू नका! 'डीपीकेजी-डेब -एक्स' नं एका फोल्डरमध्ये नुसतं उघडा, आणि त्यातली ती एक लायब्ररी उचलून /ऑप्ट/जुनं३२/लिब अशा आपल्या जागेत ठेवा. /ऑप्ट मध्ये ठेवलेलं सिस्टिमच्या अपडेटला त्रास देत नाही आणि अपडेटही त्याला हात लावत नाही.

मग दोन ओळींची छोटी शेल स्क्रिप्ट करा. पहिल्या ओळीत एलडी_लायब्ररी_पाथ ला तो फोल्डर द्या, दुसऱ्या ओळीत एक्झेक करून प्रोग्राम. कामगारानं ती स्क्रिप्टच चालवायची. हा पाथ घरच्या बॅशआरसीत (टर्मिनल उघडताना वाचली जाते ती सेटिंगची फाइल) टाकून आपल्या सगळ्याच प्रोग्रामना लावायचा मोह होतो, तो टाळा, उद्या भलताच प्रोग्राम तिथून भलती लायब्ररी उचलेल आणि तुम्हाला कारण सापडणार नाही.

आणि सगळं चालू झाल्यावरही लेथला काही जाणार नाही, तेव्हा माझ्यावर रागवू नका. जुना प्रोग्राम पोर्ट म्हणून टीटीवायएस० शोधतोय आणि तुम्ही नवा यूएसबी कन्व्हर्टर लावलाय जो टीटीवाययूएसबी० नावानं दिसतो. त्याच फोल्डरमधल्या सेटिंगच्या फाइलमध्ये नाव बदला, आणि तुमच्या युजरला डायलआउट ग्रुपमध्ये घाला. बॉडरेट आणि पॅरिटी (केबलवरून पाठवायचा वेग आणि चूक ओळखायची खूण) जुन्या सेटिंगमध्ये जशी आहे तशीच ठेवायची, ती लेथच्या कंट्रोलरशी जुळवलेली असते.

*प्रश्न: सर, आमच्या घरात माग आहेत. बाबांच्या जुन्या साडी डिझाइनच्या फाइल्स एका ३२ बिट प्रोग्राममध्येच उघडतात. नव्या लॅपटॉपवर तो लिबपीएनजी१२.एसओ.० मागायला लागला. रिपॉझिटरीत नाही. एका व्हिडिओत सांगितलेलं की लिबपीएनजी१६ ला १२ चं नाव देऊन सिमलिंक करा, तसं केलं. आता म्हणतोय 'व्हर्जन पीएनजी१२_० नॉट फाउंड'. व्हिडिओखाली सगळे थँक्यू म्हणालेत, मग माझंच काय चुकलं?*
— एक वाचक, वडगाव, बेळगाव

ताई, तुमचं काही चुकलं नाही, सल्ला चुकीचा होता. पहिलं काम, ती सिमलिंक (एका फाइलकडं बोट दाखवणारं दुसरं नाव) काढून टाका. आत्ताच काढा, मग पुढचं वाचा.

नाव बदललं म्हणून माणूस बदलत नाही तसंच हे. लायब्ररीच्या फाइलच्या नावात जो आकडा असतो तो शोभेचा नसतो, तो करार असतो. लिबपीएनजी १.२ आणि १.६ ह्यांच्यात आतल्या रचनाच बदलल्या, जुने प्रोग्राम आतल्या स्ट्रक्चरला थेट हात लावायचे ते नव्यात बंद केलं. तुमच्या प्रोग्रामनं लोडरला विचारलं, तुझ्याकडं पीएनजी१२_० शिक्का असलेली फंक्शनं आहेत का, लोडरनं फाइल उघडून बघितली, आत शिक्का १६ चा. त्यानं स्वच्छ नकार दिला. खरं सांगायचं तर नशीब की नकार दिला. ज्या लायब्ऱ्यांत असे शिक्के नसतात तिथं अशी सिमलिंक चालून जाते, प्रोग्राम उघडतो, आणि मग चित्र सेव्ह करताना फाइल बिघडवतो. बाबांच्या डिझाइनचं तसं झालं असतं तर?

तुमच्या बाबतीत सोर्समधून बांधणं हाच उत्तम मार्ग, आणि लिबपीएनजी बांधायला तशी सोपी आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो, एकदा हात बसला की बाकीच्या लायब्ऱ्याही अशाच.

१.२ च्या ओळीतली १.२.५९ घ्या, ती २०१७ ची आहे. लॅपटॉपवर आधी आय३८६ आर्किटेक्चर चालू करा (वरच्या उत्तरात सांगितलंय तसं) आणि मग जीसीसी-मल्टिलिब आणि झेडलिब१जी-डेव्ह:आय३८६ ही दोन पॅकेजं घ्या. पहिल्यामुळं तुमचा ६४ बिटचा कंपायलर ३२ बिटचं पण बांधू शकतो, दुसरं लागतं कारण पीएनजी स्वतः झेडलिबवर उभी आहे. हे दुसरं विसरलं की कॉन्फिगर (बांधायच्या आधी तयारी तपासणारी स्क्रिप्ट) 'झेडलिब नॉट इन्स्टॉल्ड' म्हणून थांबतो, आणि माणूस म्हणतो अरे झेडलिब तर आहे! आहे, पण ६४ ची आहे.

सोर्सच्या फोल्डरमध्ये जाऊन कॉन्फिगर चालवताना सीसी (कुठला कंपायलर वापरायचा ते) हे "जीसीसी -एम३२" असं अवतरणात द्या, मग --बिल्ड ला x८६_६४-पीसी-लिनक्स-जीएनयू, --होस्ट ला आय६८६-पीसी-लिनक्स-जीएनयू (पहिल्या नावातला x हा इंग्रजी एक्स), आणि --प्रिफिक्स ला /ऑप्ट/जुनं३२. प्रिफिक्स द्यायचं राहिलं तर ते /यूएसआर/लोकल मध्ये जाऊन बसतं आणि मग पुढं कोणतं तरी नवं सॉफ्टवेअर कंपाइल करताना ते जुनं हेडर उचलतं. हे माझ्या ओळखीच्या दोघांबरोबर झालंय, दोघांनाही कारण सापडायला खूप दिवस लागले.

मग मेक, मग मेक चेक. मेक चेक लोक टाळतात, टाळू नका, ते एक पीएनजी चित्र उघडून परत लिहून दोन्ही जुळतात का बघतं, आणि तुम्हाला नेमकं तेच पाहिजे. मग सुडो मेक इन्स्टॉल. आणि मग 'फाइल' कमांडनं बघा, /ऑप्ट/जुनं३२/लिब मधल्या लिबपीएनजी१२.एसओ.०.५९.० वर ती चालवली की ईएलएफ ३२ बिट असं यायला पाहिजे. ६४ आलं तर -एम३२ कुठंतरी पोचलं नाही, मेक क्लीन करून पहिल्यापासून परत. ३२ आलं की वरच्या उत्तरातल्यासारखी दोन ओळींची स्क्रिप्ट करा आणि प्रोग्राम तिच्यातूनच चालवा.

एक गोष्ट मनापासून सांगतो. ह्या कामात सगळ्यात मोठी चूक असते सिस्टिमच्या फोल्डरमध्ये हात घालणं. पुष्कळ वर्षांपूर्वी एका छापखान्याच्या कॉम्प्युटरवर मी एक ३२ बिटची लिबसी रूट म्हणून कॉपी केली आणि ती /लिब६४ मध्ये गेली, होती तिच्यावरच. एंटर दाबलं आणि पुढच्या क्षणी एलएस चालेना, सीपी चालेना, सुडो चालेना, प्रत्येक कमांडला एकच ओळ, 'राँग ईएलएफ क्लास: ईएलएफक्लास३२'. सीपी चालत नाही म्हणजे खरी फाइल परत जागेवर ठेवायलाही काही नाही! रात्रीचे साडेअकरा, सकाळी लग्नपत्रिका छापायच्या, मराठीत एक बाजू आणि कन्नडमध्ये दुसरी, मालक शेजारी खुर्चीवर बसलेले, एक शब्द बोलत नव्हते. लाइव्ह यूएसबीवरून बूट करून, डिस्क माउंट करून, पॅकेजमधून मूळ लिबसी काढून परत ठेवली तेव्हा अडीच वाजलेले. त्या रात्रीपासून मी सगळं जुनं /ऑप्ट मध्येच ठेवतो.

आणि हो, डिझाइनच्या फाइल्सची एक कॉपी पेनड्राइव्हवर काढल्याशिवाय पहिल्यांदा प्रोग्राम उघडू नका. प्रोग्राम चालू झाला की सगळी डिझाइन्स साध्या बीएमपी किंवा पीएनजीमध्ये एक्स्पोर्ट करून घ्या, म्हणजे पुढच्या लॅपटॉपला हा सगळा खटाटोप करावा लागणार नाही.

*प्रश्न: माझं चिकोडीत झेरॉक्सचं दुकान आहे. प्रिंटरचा ड्रायव्हर कंपनीनं ३२ बिटचाच दिलाय. मेकॅनिक म्हणाला की ६४ बिट लिनक्सवर ३२ बिट ड्रायव्हर चालतच नाही, नवा प्रिंटर घ्या. प्रिंट दिलं की 'फिल्टर फेल्ड' येतंय. उताऱ्याच्या प्रिंटला माणसं थांबलेली असतात.*
— एक वाचक, चिकोडी

अण्णा, नवा प्रिंटर घ्यायची घाई करू नका. मेकॅनिकचं अर्धं बरोबर आहे. कर्नलच्या आत बसणारा ड्रायव्हर असेल तर तो ६४ च पाहिजे, तिथं तडजोड नाही. पण प्रिंटरचा ड्रायव्हर लिनक्सवर बहुतेक वेळा कर्नलमध्ये नसतोच, तो कप्सचा (लिनक्सची छपाई सांभाळणारी व्यवस्था) फिल्टर असतो, म्हणजे एक साधा वेगळा प्रोग्राम, /यूएसआर/लिब/कप्स/फिल्टर मध्ये बसलेला. कप्स त्याला चालू करतं, एका बाजूनं छापायचा मजकूर देतं, दुसऱ्या बाजूनं प्रिंटरची भाषा घेतं.

नियम असा आहे की एका प्रोसेसच्या आत दोन आर्किटेक्चर नांदत नाहीत. आपल्याकडं खडेबाजारात एका वाक्यात अर्धं मराठी अर्धं कन्नड बोलून सौदा होतो, प्रोसेसमध्ये तसं चालत नाही, ३२ बिटच्या प्रोग्रामला आतली प्रत्येक लायब्ररी ३२ चीच लागते. पण दोन वेगळ्या प्रोसेस एकमेकांशी पाइपमधून बोलायला लागल्या की कोण किती बिटचा हे कुणी विचारत नाही. त्यामुळं ६४ चं कप्स आणि ३२ चा फिल्टर हे मजेत चालतात, फिल्टरच्या लायब्ऱ्या भरल्या की झालं. त्या फिल्टरवर रीडईएलएफ चालवा, यादी काढा, :आय३८६ लावून घ्या. आणि /व्हार/लॉग/कप्स/एरर_लॉग वाचा, स्क्रीनवर नुसतं 'फिल्टर फेल्ड' येतं पण लॉगमध्ये कुठली लायब्ररी कमी पडली ते नाव असतं. काही ड्रायव्हर आतून आणखी एक छोटा प्रोग्राम चालवतात, तोही ३२ चा असतो, त्याचीही यादी वेगळी काढा, अडतं ते बहुतेक तिथंच.

*प्रश्न: गोकाकहून लिहितोय. रास्पबेरी पायवर इंटेलचा ३२ बिट प्रोग्राम ह्याच पद्धतीनं चालेल का?*

नाही. इंटेलचा ६४ बिट प्रोसेसर ३२ बिटच्या सूचना स्वतः समजतो, म्हणून वरचं सगळं जमतं. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरचा एआरएम प्रोसेसर त्या सूचना ओळखतच नाही, तिथं भाषांतर करणारा मध्ये पाहिजे, क्यूईएमयू-युजर किंवा बॉक्स८६. लायब्ऱ्या भरून उपयोग नाही.

*प्रश्न: मी इंजिनिअरिंगला आहे, बेळगावात हॉस्टेलला राहतो. स्लॅकवेअर ६४ १५.० वापरतो. मल्टिलिब केलंय. एक जुनी लायब्ररी ३२ बिट बांधालोय तर लिंकर म्हणतो 'स्किपिंग इनकम्पॅटिबल' आणि शेवटी 'कॅनॉट फाइंड -एलझेड'. सीफ्लॅग्जमध्ये -एम३२ दिलंय. तरी का?*
— एक विद्यार्थी

स्लॅकवेअरवर (लिनक्सचा एक जुना प्रकार) हे करतोयस म्हणजे मुळापासून शिकतोयस, फार बरं वाटलं. स्लॅकवेअर ६४ पहिल्यांदा २००९ मध्ये १३.० बरोबर आलं ते शुद्ध ६४ बिट म्हणून, पण ३२ ची जागा मोकळी सोडून. /यूएसआर/लिब ३२ साठी आणि /यूएसआर/लिब६४ ६४ साठी. त्या मोकळ्या जागेत बसणारी मल्टिलिबची (३२ आणि ६४ दोन्ही चालवायची सोय) पॅकेजं एरिक हॅमेलियर्स, म्हणजे एलियनबॉब, सांभाळतात. जीसीसी आणि जीलिबसी त्यांच्या मल्टिलिबवाल्या लावायच्या आणि बाकीची ३२ बिट पॅकेजं कॉम्पॅट३२ करून घालायची. तू 'मल्टिलिब केलंय' म्हणतोस तर पहिला भाग केलास, दुसरा राहिलाय असं दिसतं. लिंकर (बांधलेले तुकडे आणि लायब्ऱ्या जोडणारा) -एम३२ घेऊन निघाला, वाटेत ६४ ची झेडलिब दिसली ती त्यानं सोडली, तेच ते 'स्किपिंग', आणि ३२ ची कुठंच नाही म्हणून 'कॅनॉट फाइंड'. म्हणजे तुझा -एम३२ पोचलाय, झेडलिब-कॉम्पॅट३२ नाही.

ह्याच्या उलट जर 'आय३८६ आर्किटेक्चर ऑफ इनपुट फाइल इज इनकम्पॅटिबल' असं आलं असतं तर समजायचं की कंपाइल ३२ मध्ये झालं आणि लिंक करताना -एम३२ गळलं. हातानं लिहिलेल्या जुन्या मेकफाइलमध्ये असं नेहमी होतं, सीफ्लॅग्ज लिंकच्या ओळीत घेतलेच नसतात. म्हणून मी -एम३२ फ्लॅग्जमध्ये देतच नाही, सीसी आणि सीएक्सएक्स (सी आणि सी++ चा कंपायलर सांगायच्या जागा) ह्यांच्यातच घालतो, मग जाईल तिथं जातंय.

बांधायच्या आधी त्या टर्मिनलमध्ये /ईटीसी/प्रोफाइल.डी/३२डेव्ह.एसएच सोर्स कर, डॉट आणि स्पेस देऊन, नुसतं चालवून नाही, म्हणजे तेवढ्या शेलपुरतं ३२ बिटचं वातावरण लागतं. पीकेजी-कॉन्फिगला (लायब्ररी कुठं आहे ते सांगणारा प्रोग्राम) पण ३२ च्याच फोल्डरमध्ये बघायला लाव, तो गुपचूप लिब६४ चा रस्ता सांगतो आणि दोन तास जातात. काही सोर्स यूनेम -एम विचारून स्वतःच ठरवतात की आपण ६४ वर आहोत, त्यांना 'लिनक्स३२' कमांडच्या पोटात घालून चालव, मग यूनेम आय६८६ सांगतो. स्लॅकबिल्ड (स्लॅकवेअरचं पॅकेज बांधणारी स्क्रिप्ट) असेल तर आर्क आय५८६ दे, तयार झालेलं पॅकेज कन्व्हर्टपीकेजी-कॉम्पॅट३२ मधून काढ आणि मगच इन्स्टॉल कर. ती पायरी गाळलीस तर ३२ चे बिन मधले प्रोग्राम तुझ्या ६४ च्या प्रोग्रामवर जाऊन बसतील. आणि खरं तर त्याच लायब्ररीचं ३२ बिट स्लॅकवेअरमधलं तयार पॅकेज असेल तर बांधूच नकोस, तेच कन्व्हर्ट कर. बांधायचं ते फक्त जे कुठंच तयार नाही.

*प्रश्न: आमच्या खानापूरच्या दुकानात २००७ सालचा कॉम्प्युटर आहे. आता ३२ बिट लिनक्स बंद होतंय म्हणे, मग हा भंगारात द्यायचा का? आणि हे ३२ बिटचे प्रोग्राम तरी किती वर्षं चालणार?*
— एक वाचक, खानापूर

आधी टर्मिनलमध्ये एलएससीपीयू चालवून बघा, पहिल्याच ओळींत सीपीयू ऑप-मोड असं असतं. तिथं ३२ बिट, ६४ बिट असं दोन्ही दिसलं तर तुमचा कॉम्प्युटर ६४ बिट चालवतो, फक्त त्यावर आजवर कुणी घातलं नसेल. २००७ चा असेल तर शक्यता बरीच आहे, कारण एएमडीनं ६४ बिटचा ऑप्टेरॉन प्रोसेसर २००३ मध्येच आणला आणि इंटेलचे कोअर २ २००६ मध्ये आले. रॅम मात्र वाढवा.

बंद होतंय हे खरं आहे, पण दोन गोष्टी वेगळ्या करून बघा. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आलं, त्यात ३२ बिट इंटेलसाठी इन्स्टॉलर नाही आणि कर्नलही नाही. पण आय३८६ ची लायब्ररी पॅकेजं आहेत, ६४ च्या मशिनवर जुने प्रोग्राम चालवण्यासाठीच ठेवलीत. उबंटूनं जून २०१९ मध्ये ३२ ची सगळी पॅकेजं १९.१० पासून बंद करतो असं जाहीर केलेलं, गेम खेळणारे आणि वाइन (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) वापरणारे इतके बोलले की थोड्याच दिवसांत निवडक पॅकेजं ठेवायचं ठरलं. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स १० मध्ये मात्र ३२ ची पॅकेजं नाहीत. म्हणजे दार एकदम बंद झालं नाही, पण एकेक फळी लावली जातीय. म्हणून आज चालतंय तोवर एक काम करा, डीबूटस्ट्रॅपला --आर्क आय३८६ देऊन एका फोल्डरमध्ये अख्खं छोटं ३२ बिट डेबियन उतरवून घ्या, प्रोग्राम त्यातच सीएचरूट करून (त्या फोल्डरलाच अख्खी सिस्टिम मानायला लावून) चालवा, आणि त्या फोल्डरची टार, म्हणजे एकच गठ्ठा फाइल, करून दोन ठिकाणी ठेवा. मग बाहेरच्या लिनक्सनं उद्या लायब्ऱ्या काढल्या तरी तुमच्याकडं त्या आहेत, कर्नलमध्ये ३२ ची सोय असली की पुरे.

नेटशी बोलणारा प्रोग्राम असेल तर मात्र हा सल्ला नाही. जुनी ओपनएसएसएल १.०.२ (नेटवरचं बोलणं सुरक्षित करणारी लायब्ररी) मागणारं काही असेल तर तिचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०१९ ला संपलाय, अशा प्रोग्रामला नेटवर सोडू नका, केबल काढूनच वापरा.

आणि किती वर्षं ह्याचं उत्तर तारखेसकट देता येतं. ३२ बिटचे जुने प्रोग्राम वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत, आणि ते सेकंद ३२ बिटच्या आकड्यात मावेनासे होतात १९ जानेवारी २०३८ ला, आपल्याकडं सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद झाल्यावर. पुढच्या सेकंदाला प्रोग्रामला वाटतं १९०१ साल लागलं. डेबियननं २०२४ मध्ये ३२ बिटच्या एआरएमवर वेळेचा आकडा ६४ बिटचा केला, आय३८६ ला मात्र मुद्दाम हात लावला नाही, कारण तो बदलला तर जुने बांधलेले प्रोग्राम चालणारच नाहीत. तुमचा प्रोग्राम बिलावर पुढची तारीख टाकत असेल, हप्त्याची मुदत वगैरे, तर त्याला हा दिवस आधीच लागेल, तेव्हा आत्ताच कॉपीवर २०३९ ची एक तारीख घालून बघा काय छापतो ते, आणि मला कळवा.